बारशाच्या दिवशीचा मोडेम

नव्या यंत्राच्या तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की मला कडेगावातली लेकीच्या बारशाची दुपार आठवते. माझे मालक सैन्यात, सरहद्दीवर होते; रजा मिळाली नाही, म्हणून बारसं त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचं ठरलं. आमच्या आळीत मोबाईलवर नुसतं बोलणं व्हायचं, चित्र अडकायचं. म्हणून दिरांनी केबलचं इंटरनेट घेतलं आणि सांगलीला जाऊन दुकानातला सगळ्यात वेगवान मोडेम आणला. बायका पाळण्याभोवती जमल्या, घुगऱ्यांची परात आली, तरी मोडेमचा तांबडा दिवा काही हिरवा होईना. केबलवाल्यानं वायर काढून पुन्हा जोडली आणि मान हलवली, “आवं वहिनी, ह्यो मोडेम आमच्या लायनीवर चालतच न्हाई. घ्यायच्या आधी इचारायचं न्हाई व्हय?” दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, “मोडेम चांगलाय, केबलवाल्याला विचारा.” केबलवाला तर समोरच उभा! संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडं मालक चौकीवरून उतरून, रेंज येते तिथं येऊन थांबले होते. शेवटी सासूबाईंनी साधा फोन लावून स्पीकर चालू केला आणि तो पाळण्यात ठेवला. आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि लेकीनं भोकाड पसरलं. “लय खणखणीत आवाज हाय की!” फोनवरून मालक म्हणाले आणि एकदम गप्प झाले. पुढं योग्य मोडेम बसला. आता चित्र स्वच्छ दिसतं, लेक पडद्यावरच्या बापाला हाका मारते. पण त्या गप्प क्षणी मला त्यांचा चेहरा बघायचा होता, तो राहिलाच.