मुनीरमामूचा काळा व्हिडिओ

दादाचा फोन आला तवा मी केजला झेरॉक्सच्या दुकानात होतो. "मुनीरमामू गेला बे. कडबाकुट्टीचं पातं उडालं, मानंत घुसलं." एवढंच. खरं वाटंना... कारण अख्ख्या युसूफ वडगावात त्या मशीनीला मामूइतकं कुणीच ओळखत न्हाई. मामू नात्याचा न्हाई, शेजारचा; आमच्या किराणा दुकानाला लागून त्याचं वर्कशॉप. ती चारा कापायची मशीन कडब्यासंगं माणसाचा हात बी रोलरात ओढून घेती. असले कितीतरी हात मामूनं सोडवलते. एक तर पिशवीत घालून दवाखान्यात नेलता.

म्हणून मागं एकदा मला म्हणाला, "तू ते व्हिडिओनं शिकवायचा कोर्स करतो ना? बायांसाठी एक बनव. हात अडकला तर काय करायचं." मी लई जोशात! तुटलेला हात, उडणारं रगात, ढोलाचं म्युझिक, वर अक्षरांची पट्टी, खाली पट्टी, अन् पट्टीवरचंच मी वाचून बी दाखवलेलं. गावात सगळ्यांनी शेअर केला. मामूनं काय करावं? शेजारच्या चार बायांना बोलवलं, व्हिडिओ दाखवला, मोबाईल खिशात टाकला अन् बंद मशीनीपुढं एकेकीला उभं केलं. "समजा, उजवा हात अडकला. हां, करा!" एकीनं डाव्या हातानं उजवा ओढला. दुसरीनं बी तेच. तिसरी नुसतीच किंचाळली, चौथी हसत सुटली. रोलर उलटा फिरवायचा दांडा कुणीच मागं ढकलला न्हाई. "व्हिडिओतलं काय आठवतंय?" "रगात," त्या म्हणल्या, "अन् ते ढोल." मामूनं पान्हा उचलला अन् माझ्या पायाशी असा आपटला की फरशी फुटली. "चार जणींचे हात तोडले बे तू! आत्ता, माझ्यासमोर!" कानाखाली बी एक बसली. बायांसमोर रडलो मी.

गंमत म्हणजे माझ्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. मेंदूत एका वेळी थोडंच मावतं. डोळ्याला चित्र अन् कानाला बोलणं वाटून दिलं तर नीट बसतं. तेच शब्द पडद्यावर बी टाकले तर डोळ्यातच मारामारी. भपका जेवढा जास्त, तेवढा धडा पुसतो. परीक्षेत ह्याचे मार्क बी घेतलते! पण स्वतःचा व्हिडिओ कापायला हात धजंना. मामू पाठीमागं उभा राहून ओरडायचा, "ढोल मार. रगात काढ. पट्टी उडव. अन् तुझं नाव कावून हाय एवढं मोठं? काप!"

"मामू, मग बघंल कोण?"

"नको बघू कुणी. हाताला कळलं पायजे, बस."

शेवटी उरलं काय... काळा पडदा, एक हात, एक दांडा. अन् हात हलतो तेवढ्यापुरता मामूचा आवाज, "ओढू नको. दांडा मागं." दोनदा चित्रासंगं. तिसऱ्यांदा चित्र बी गायब, नुसता आवाज, करायचं बघणारीनं. शेअर कुणीच केला न्हाई. मग मामूच टेम्पोत मशीन घालून दिंद्रुडच्या बाजारापर्यंत फिरला, बायांकडून दहा-दहा वेळा करून घेतलं. मी मनात म्हणायचो, येडा हाय हा माणूस.

परवा मामूच्या घरी गेलतो. मामी इद्दतीत हाय, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाहेरच्या गड्यापुढं यायचं न्हाई, म्हणून पडद्याआडून बोलली. मला ठाऊकच नव्हतं... मामू दुरुस्त केलेली मशीन चालवून बघत होता तवा कडबा तीच घालत होती. "ते पडले, मी तिकडं बघितलं," ती म्हणली, "अन् इकडं बाहीसकट हात आत चालला."

मी अधाशासारखं विचारलं, "मग मामूचा व्हिडिओ आठवला का, मामी?"

"काय आठवायचं रे?" ती चिडली. "माझा माणूस रगतात तडफडत होता. मी कशाला हात लावला ते बी ठाऊक न्हाई. लोक म्हणले, दांडा मागं होता."

तेवढ्यात पडद्याआडून चहाचा कप पुढं आला. मनगटाला पट्टी, दोन नखं काळीनिळी. मी कप घेतलाच न्हाई, आधी बोटं मोजली.

पाची होती.