जुन्या डिस्कवरचे सभासद

नव्वदीच्या दशकात मी धुळ्यातल्या एका सहकारी संस्थेत संगणक सांभाळायचो. सभासद बहुतेक कापूसवाले. शिंदखेड्याकडचे आबा, म्हणजे माझे वडील, त्यांतलेच एक. सगळ्यांची माहिती डेटाबेसच्या एकाच मोठ्या फाइलीत होती आणि ती फाइल एकुलत्या एका डिस्कवर. डिस्क तुडुंब भरत आली तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं, वारलेले सभासद काढून टाका, जागा होईल. साहेबांना संगणक म्हणजे धान्याची कोठी वाटायची, उपसली की रिकामी.

आबा त्याच हिवाळ्यात गेले होते. त्यांची नोंद मीच काढली. फाइल मात्र तसूभरही आटली नाही. डेटाबेस नोंद पुसत नाही. ती जागा मोकळी आहे एवढी खूण करतो आणि दुसरं कोणी येईपर्यंत तशीच ठेवतो. हे मी वाचलेलं होतं. तरी एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, त्या फाइलीतली नुसती अक्षरं पडद्यावर सोडली.

नावं वर सरकू लागली. काढलेली माणसं होती की सगळी, जिवंतांच्या रांगेत, खांद्याला खांदा लावून. मधेच आबा आले, गावासकट, आणि वर निघून गेले. पंख्याखाली मला घाम फुटला. आबांचं नाव टाकून सरळ विचारलं तर संगणक म्हणे, असा सभासद नाही.

मग नादच लागला. नवा सभासद नोंदवला की लगेच फाइलीतली अक्षरं चाळायचो, हा आबांच्या जागी तर बसला नाही ना? एका वारलेल्या माणसाचं तर निम्मंच नाव उरलं होतं, पुढे नव्या माणसाचं चिकटलेलं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या पितरांच्या सणाला, ऑफिस बंद, म्हणून सगळं नव्या डिस्कवर हलवायला साहेबांनी तोच दिवस दिला. न्यायच्या फक्त चालू नोंदी. जुनी फाइल मोडायची, म्हणजे कायमची काढून टाकायची. सकाळी आई नव्या घागरीत आबांसाठी पाणी भरत होती. गेल्यावरची त्यांची पहिलीच अखाजी. मी तिला सगळं सांगून टाकलं, हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही म्हणालो. तिला जराही नवल वाटलं नाही, त्याचंच मला भय वाटलं.

"तठे अडकेल शेतस त्या," ती म्हणाली, म्हणजे ते तिथे अडकून पडलेत. "जाऊ दे त्यासले."

दुपारपर्यंत नोंदी नव्या डिस्कवर गेल्या. जुनी फाइल मोडायची आज्ञा टाइप केली आणि बटणावर बोट ठेवून बसलो. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं, काम संपलं होतं, तरी जुनी डिस्क आपली कुरकुरत होती. आबांची फार आठवण आली. शेवटी बटण दाबलं. कुरकुर थांबली.

घरी आई दारातच उभी होती. चुलीत निखारे फुलवून माझ्यासाठी खोळंबलेली.

"गयात का?" गेले का ते, एवढंच तिनं विचारलं.

"गयात," मी म्हणालो.

तिचा चेहरा मोकळा झाला. मी आबांचं नाव घेऊन निखाऱ्यावर घास टाकला. फाइल मोडली तरी डिस्कवर लिहिलेलं जात नाही, तिथेही जागा मोकळी आहे एवढीच खूण होते, हे मी तिला सांगितलं नाही.