प्रज्ञाचं लिनक्स

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. बाबा गेले त्या दिवशी ओठांपर्यंत आलं होतं — गिळलं.

आम्ही दोघी बहिणी, नागभीडच्या. मी मोठी, सेतू केंद्रात लोकांचे फॉर्म भरायची. प्रज्ञा धाकटी. घरात एकच लॅपटॉप. त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम — माझ्यासाठी विंडोज, तिच्यासाठी लिनक्स. सुरू केला की आधी यादी यायची — कोणतं उघडू? ती यादी दाखवणारा बूटलोडर मीच बसवला होता. कोड लिहायची ती. मशीन सांभाळायची मी. त्या बाबतीत तिचा माझ्यावर पूर्ण भरवसा. असणारच ना?

हैदराबादच्या एका कंपनीने तिला एक काम करून पाठवायला सांगितलं होतं. पसंत पडलं तर नोकरी. तीन आठवडे ती त्यालाच जुंपली होती. नेटचा भरवसा नाही, म्हणून सगळं लिनक्समध्येच ठेवलेलं. आणि मी? मी बाबांकडे बघत होते. अर्धांगवायूनंतर त्यांना खाटेवरून उठवायला दोघी लागायच्या. ही हैदराबादला गेली तर —?

शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी ती औषधं आणायला गेली. मी बूटलोडरची सेटिंग उघडली. यादी दहा सेकंद थांबायची, तिथे शून्य केलं. आपोआप उघडायला विंडोज ठेवलं, म्हणजे यादी न दिसता थेट विंडोजच. दोन ओळी — बस. पुसलं काहीच नव्हतं. एका दिवसापुरतं, असं मनाशी म्हणत होते. त्या एका दिवसाने काय होईल, हे कळत नव्हतं का मला? कळत होतं.

"ताई, माहं लिनक्स काऊन दिसून नाई राह्यलं?"

मी उगाच इकडची तिकडची बटणं दाबली. "उडालं वाटते," म्हटलं.

ती रडली नाही. उलट मलाच समजावलं — "माह्याच हातून काही दबलं असन. तू होती म्हणून विंडोज तरी वाचलं."

तारीख गेली. मग तरी सांगायचं? नाही. ती कोणा जाणकाराला दाखवेल या धास्तीने आठवड्याभरात मी लॅपटॉपमधला तिचा सगळा भाग खरोखरच पुसून टाकला.

बाबा आणखी दोन वर्षं होते. दोघींनी मिळून रोज उठवलं त्यांना. प्रज्ञा आता जवळच्या मूल गावात एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. बूटलोडरसुद्धा शिकवते. तिचा फोन आला की मी पहिली रिंग तशीच जाऊ देते.

गेल्या रविवारी आला. घरचं-दारचं बोलून झालं, मग म्हणाली, "ताई, यादी लपून असली तर सुरू करताना शिफ्ट दाबून ठेवलं की दिसते. तेव्हा आपण दाबून पाह्यलं होतं का?"

सहज विचारलं? की —

"हो, पाह्यलं होतं."

ती म्हणाली, "बरं."

नव्हतं पाहिलं मी. यादी तिथेच आहे, हे मला माहीत होतं.