फुंकणी आणि तीन चेंडू

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही किरटं आहे. हे कुणाला दाखवायचं नाही, पण कुणाच्या हाती पडलंच तर माफ करावं.

मला न्यूमोनिया झाला तेव्हा परभणीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. थोरल्या जाऊबाईंनी त्यांच्या दोन शेळ्या विकून पैसे भरले. त्यांना मी अक्का म्हणते. शेळ्या त्यांच्या स्वतःच्या, त्यांनीच वाढवलेल्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी धूर बंद केला. चुलीपुढं बसायचं नाही, असं बजावलं. प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. त्यात तीन चेंडू आणि तोंडात धरायची नळी. रोज व्यायाम करा, चेंडू वर गेले पाहिजेत, असं म्हणाले. समोर पुरुष माणसं उभी, मी पदर ओढून नुसती मान हलवली.

मालक, म्हणजे आमचे हे, सकाळीच ट्रॅक्टरवर कामाला जात. मग दिवसभर मी आणि भिंत. दोन पावलं चालले की दम लागायचा. दुपारी अक्का त्यांच्या घरून भाकरी आणायच्या, पण उंबऱ्याबाहेरच ठेवायच्या. आजार लागेल अशी सगळ्यांनाच भीती. त्यांचा राग आला नाही, पण त्या गेल्या की भाकरी गिळवत नसे.

मी नळी तोंडात धरून फुंकायची. चुलीपुढं जन्म गेला, नळी म्हणजे फुंकणी, एवढंच मला ठाऊक. चेंडू हलत नव्हते. छाती कामातून गेली असं मी धरून चालले. मजुरीला गेल्याशिवाय अक्कांचे पैसे फिटणार नव्हते. हे कुणाला सांगू? कुणी येताना दिसलं की यंत्र गोधडीखाली सारायची.

एकदा अक्का लवकर आल्या. माझं लाल झालेलं तोंड बघून उंबऱ्यातून म्हणाल्या, "चूल पेटवायलीस का गं?"

मला रडू आलं. माझ्यानं चेंडू हलत नाहीत, एवढंच बोलले. अक्का आत आल्या. माझी उष्टी नळी पदरानं पुसली आणि सरळ तोंडात धरली. गाल फुगवून फुंकलं. चेंडू जागचे हलले नाहीत.

"माझ्यानं बी न्हाई. तुझ्या छातीला काय धाड भरली न्हाई, ह्या डब्यातच खोट हाय."

दवाखान्याची तारीख आली तेव्हा अक्का माझ्याबरोबर निघाल्या, डबा बदलून घ्यायलाच. आम्ही फुंकून दमलो हे ऐकून तिथली नर्स आधी हसली. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "मावशी, फुंकायचं नाही. आत ओढायचं."

मी ओढलं. पहिला चेंडू थरथरत वर गेला आणि पडला. अक्कांनी डबा परत पिशवीत ठेवला. परतताना बोरी गावाच्या गाडीत मात्र स्वतःशीच हसत बसल्या होत्या.

पुढं दुसराही चेंडू जायला लागला. तिसरा अजून पुरता जात नाही. दिवाळीनंतर कापूस वेचायला गेले. बायांच्या मागं राहायची, मध्येच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसायची, तरी मजुरी मिळाली. बाजाराच्या दिवशी त्यातले पैसे अक्कांना नेऊन द्यायची आणि घटकाभर त्यांच्याजवळ बसायची. आठवड्यात कुणाजवळ बसायचं म्हणजे तेवढंच.

काल शेवटचे दिले. अक्कांनी पदराच्या गाठीत बांधले आणि चहा टाकला. चुलीचा धूर माझ्याकडं येऊ नये म्हणून मला दारात बसवलं. चहा संपला तरी मला उठवेना. पैसे सगळे फिटले, आता बाजाराच्या दिवशी कशाच्या निमित्तानं यायचं?