प्रमोदने सुचवलेलं नाव

"भावजी, प्रमोद गेला..." दुपारी प्रमोदच्या बायकोचा, स्मितावहिनींचा फोन आला. हृदयविकाराचा झटका आला होता. अजून पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. आता काही आठवडे झाले, पण लिहायला हात उचलत नव्हता.

कोलशेतच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही बरोबरच लागलेलो. प्रमोदला बढतीपेक्षा अडलेला प्रोग्राम सोडवण्यात रस. तरी पुढे एक टीम त्याच्याकडे आलीच. मग एआय आलं. मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, तुमच्यातला एक माणूस कमी करायचाय, नाव तुम्हीच सुचवा. प्रमोदने स्वतःचं सुचवलं.

"वेडा आहेस का रे? या वयात कोण घेणार तुला?" मी चिडलोच.

"अरे, एकीची पहिलीच नोकरी, एकाची बायको गरोदर. कोणाचं देऊ, तूच सांग."

वहिनींना मात्र त्याने महिनाभर पत्ता लागू दिला नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि एका वाचनालयात जाऊन बसायचा. कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "नोकरी गेली त्याचं नाही हो. एकटाच डबा खात बसला, त्याचं..."

वर्ष सरायच्या आत ती अख्खी टीमच बंद झाली. ही बातमी त्याला मीच दिली, मानपाडा रोडवर चहा पिताना. तर म्हणाला, "चला, बाळंतपण तरी निभावलं त्याचं." त्याचे स्वतःचे इंटरव्ह्यू चालूच होते. पलीकडे माणूसही नसायचा. स्क्रीनवर प्रश्न उमटायचे, हा कॅमेऱ्याकडे बघून उत्तरं द्यायचा, आणि नंतर साधा नकारसुद्धा यायचा नाही. शेवटी एका क्लासमध्ये शिकवू लागला. दमलेला दिसायचा.

टीममधली ती मुलं रविवारी कोपरला त्याच्या घरी इंटरव्ह्यूच्या तयारीला जमायची, येताना आणखी कुणाला घेऊन यायची. परवाच्या रविवारी मी गेलो, तर ती मुलं नेहमीसारखी आलेली होती. सोबत एक नवा चेहरा, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग. प्रमोद नव्या माणसाला सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायचा. आज ती कोणी विचारेना. तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या, त्या नव्या माणसाच्या बॅगेकडे बघत राहिल्या.

"घरी सांगितलंत का?"

त्याने मान खाली घातली.

"मग आधी फोन करा," त्या म्हणाल्या. "आतल्या खोलीत जाऊन करा. मी तोवर चहा टाकते."