ओढून न निघालेला शाफ्ट

पहिलवानाने आयुष्यात एकही कुस्ती खेळलेली नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजात तो गाड्या दुरुस्त करतो, आणि त्याच्या मते जगात अडकलेली कोणतीही वस्तू ओढली की निघते. निघत नसेल तर ओढणाऱ्याने दोन घास कमी खाल्लेत, एवढाच त्याचा अर्थ. या सिद्धांताच्या खुणा त्याच्या घरभर आहेत. ड्रॉवरांना मुठी नाहीत, न्हाणीघराच्या दाराला कडी नाही, आणि एका बरणीचं झाकण निघालं तेव्हा बरणीचा गळाही सोबत घेऊन निघालं. बायको शिवणकाम करते. ती त्याला शिलाई मशीनच्या आसपासही फिरकू देत नाही. बाकी माणूस लाखात एक. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली असं कळलं तर भरल्या ताटावरून उठून जाईल.

त्याचे सासरे या सिद्धांताचे जुने विरोधक. त्यांनी हयातभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून, अर्ध्या गावाला गाडी शिकवली. स्वतःची गाडी मात्र जावयाच्या गॅरेजात कधी आणली नाही. "जावई चांगला माणूस आहे," ते म्हणत, "म्हणून तर गाडी दुसरीकडे नेतो."

ती गाडी एका सकाळी दोरीला बांधून जावयाच्याच गॅरेजच्या दारात आली. मागोमाग पांढरीशुभ्र पँट घातलेले सासरे.

गिअरबॉक्समधून चाकाकडे जोर नेणारा दांडा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, वळणावर कटकट करू लागला होता. बदलायचा तर आधी तो निघायला हवा. पण त्याचं आतलं टोक गंजून गिअरबॉक्समध्ये असं रुतून बसलं होतं, की मोठ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले. गिअरबॉक्सच बदला, म्हणाले. इतक्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स मिळेना. मग उरलं भंगार. आणि ही गाडी गेली की या वयात दुसरी कुणी घेऊ देणार नाही, हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते त्यांच्या लेकीलाही ठाऊक होतं. तिने नवऱ्याला घरातून निघतानाच बजावलं होतं, "अहो, नाही निघाला तर फार जीव टाकू नका. बाबांना हल्ली संध्याकाळी नीट दिसत नाही. गाडी आपोआप सुटली तर बरंच की."

पण अडकलेली वस्तू समोर असताना पहिलवानाला बायकोचा सल्ला आठवणं म्हणजे मांजराला दुधापुढे उपास आठवण्यासारखं. त्याने चाक काढलं, शाफ्टचं बाहेरचं टोक मोकळं केलं, गाडीला पाय लावला आणि दांडा ओढला. सासरे स्टुलावर बसून बघत होते.

"ओढू नका, जावईबापू."

"बाबा, तुम्ही फक्त बघा."

पहिलवान दांड्यासकट मागे जाऊन आपटला. तोंडावर, छातीवर काळं ग्रीस.

"निघाला?" सासरे उठून उभे राहिले.

"अर्धा."

आतला सांधा सुटून आला होता. त्याची लोखंडी वाटी, रुतलेल्या टोकासकट, गिअरबॉक्समध्ये होती तिथेच होती.

"म्हणजे मोठ्या गॅरेजवाल्यांनी निदान गाडी पूर्ण तरी परत दिली होती," सासरे म्हणाले आणि पुन्हा बसले.

पहिलवानाने पहार आणली. वाटी आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत तिचं टोक घातलं आणि अंगाचा भार टाकला. कर्र झालं. गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं. त्याच्या कडेचा नखाएवढा टवका उडून जमिनीवर पडला. आणखी थोडा भार पडता तर कवच तडकलं असतं आणि भंगारवाल्याला फोन करायचंच काय ते उरलं असतं.

सासऱ्यांनी तो टवका उचलला आणि तळहातावर घेऊन पाहत राहिले. एखादा टोमणा आला असता तर पहिलवानाने हसत झेलला असता. हे त्याला सोसेना. त्याने पहार भिंतीला उभी केली. वस्तू निघायच्या किंवा पुरती तुटायच्या आत त्याने पहार बाजूला ठेवावी, असं गॅरेजच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

मग तो गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिकडचा शाफ्ट शहाण्या मुलासारखा लगेच निघाला. खाली तेलाची परात लावली. मोकळ्या झालेल्या भोकातून लांब पितळी सळई तिरपी आत सरकवली, की ती रुतलेल्या टोकाला पलीकडून भिडत होती. म्हणजे इथून ठोकायचं आणि तिथून निघायचं. पण दर ठोक्यानंतर तिकडची वाटी किंचित फिरवायला आणि ती हलते का ते सांगायला कुणीतरी हवं होतं.

"बाबा, तुम्हाला खाली झोपावं लागेल."

सासऱ्यांनी पँटकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरले. शिरताच त्यांचा आवाज बदलला. तो थेट शिकवणीतला आवाज.

"हं, हळू. अजून हळू. घाई कुठे आहे? आता मारा. ब्रेक! ब्रेक म्हटलं ना!"

"बाबा, हातोडीला ब्रेक नसतो."

"हाताला असतो. मारा. हळू!"

हळू मारणं म्हणजे पहिलवानाला पहाडावर चढण्याहून दमवणारं. घामाने तो निथळला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"तुटला का हो?" तिच्या आवाजात आशा होती.

"नाही अजून."

"बाबा कुठायत?"

"गाडीखाली."

"आणि तुम्ही?"

"मीही."

"दोघं? मी येऊ का सोडवायला?"

"हलली!" सासरे गाडीखालून ओरडले. "केसभर हलली! फोन ठेवा!"

पुढच्या ठोक्यांना ती आणखी हलली, मग टक् असा आवाज झाला आणि वाटी मुळासकट सासऱ्यांच्या हातात उतरली. पाठोपाठ राहिलेलं तेल पांढऱ्या पँटवर. सासरे तिथूनच म्हणाले, "तो टवका उडाला तिथे आधी बघा."

पहिलवानाने टॉर्च लावून, कडेवरून बोट फिरवून पाहिलं. "वरचाच आहे. सीलपर्यंत गेलेला नाही. तेल गळायचं नाही. नवा शाफ्ट टाकला की तुमची हौस पुरी होईपर्यंत चालेल."

सासरे बाहेर आले. वाटी मांडीवर घेऊन पुठ्ठ्यावर बसून राहिले.

"संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे फुटून पसरल्यासारखे दिसतात मला," ते म्हणाले. "पोरीला वाटतं, मला कळत नाही."

पहिलवान हातातलं फडकं पिळत राहिला.

"म्हणून अंधार पडला की गाडी तुम्ही चालवायची. मी शेजारी बसेन. माझा जन्म शेजारीच गेलाय." त्यांनी जावयाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पण तुमचा क्लच सोडायचा प्रकार मी पाहिलाय. आधी शिकावं लागेल."

"बाबा, लायसन्स आहे मला!"

"ते मीच काढून दिलंय. चूक झाली होती. रविवारी सकाळी लवकर या."