जनवाड्याहून आलेला दोरा

शकुबाई बाजारात शिरली की हुलसूरचे दुकानदार आधी पंखा बंद करायचे. उकडलं म्हणजे बाई लवकर उठेल, एवढीच त्यांची आशा. पण शकुबाई पदरानंच वारा घेत निवांत बसायची आणि म्हणायची, "पंख्याचं बिल वाचविलास न्हवं? मग तेवढं कमी कर."

गावातल्या कुठल्याही घरी लग्न निघालं की पत्रिकेआधी शकुबाईला निरोप जायचा. बस्ता असो, भांडी असोत, मांडव असो, घासाघीस तिनंच करायची. तिची रीत फार साधी होती. समोरच्या मालाला आधी इतकं हिणवायचं की खुद्द दुकानदारालाच वाटावं, हा कचरा आपण आणलाच कशाला. भालकीच्या भांड्यांच्या दुकानात तिनं एकदा पातेलं पालथं घातलं, बोटानं वाजवलं, नाकाला लावलं आणि विचारलं, "हे पातेलं हाय का पत्रावळ?" मालक किंमत सांगायला लागला तशी ती उठली. पदर झटकला आणि मागं न बघता चालू लागली. मालक एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असा रस्त्यावर धावत आला, "ओ आक्का, या की! बोला तर खरं!"

ही हाक म्हणजेच तिची जीत. हाक आल्याशिवाय ती कधी परत फिरली नाही, मग नुकसान कुणाचंही होवो. एकदा दाढ ठणकत होती म्हणून दवाखान्यात गेली. डॉक्टरनं दाढ काढायचे पैसे सांगितले. "एवढ्यात तर अख्खी बत्तिशी येती," म्हणून शकुबाई उठली. डॉक्टर काही दुकानदार नव्हता, त्यानं हाक मारली नाही. झालं! बाईनं ती दाढ दोन वर्षं तशीच तोंडात ठेवली. रात्ररात्र गाल धरून बसायची, पण त्या पायऱ्या पुन्हा चढली नाही. शेवटी उदगीरला दुसऱ्याकडून काढून घेतली.

सोयरिकीतही तेच. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तिथं कान तुटलेल्या कपात चहा दिला, म्हणून ही तशीच उठून आली होती. ती पुतणी मग कितीतरी वर्षं घरीच राहिली. कुणी त्याबद्दल बोलत नसे. शकुबाईसमोर तर नाहीच.

सगळ्या व्यापाऱ्यांत तिला सराफ अगदी खालच्या पायरीवरचा वाटायचा. "सराफ म्हंजे," ती म्हणायची, "आपल्याच पैशाचा चहा आपल्याला पाजून वर 'साखर बरी हाय का' इचारनारं मानूस."

तर अशा शकुबाईची नात मंजुश्री. तिची सोयरीक जनवाड्याच्या शिवराजशी ठरली. पोरगा सरळ, हाडानं किडकिडीत, बिदरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालेलं आणि मंजुश्री आपल्याशीच हसत भांडी घासायला लागलेली. शिवराजचा बाप पिराजी याचं खतबियाणांचं दुकान. हा गडी बघायला आला तेव्हाच शकुबाईच्या डोळ्यात भरला, पण चांगल्या अर्थानं नव्हे. त्याची बोटं म्हणजे नुसती रताळी. चहाच्या कपाच्या कानात बोट जाईना, म्हणून त्यानं कप वाटीसारखा तळव्यात धरला होता आणि फुर्र फुर्र आवाज करीत प्याला होता. शकुबाईनं तेव्हा ते सोडून दिलं. कप मात्र तिच्या ध्यानात राहिला.

साखरपुड्यात नवऱ्या मुलाला अंगठी घालायची होती. पिराजीनं जनवाड्याहून माणसाबरोबर लाल दोऱ्याचं एक वेटोळं पाठवलं. निरोप असा, की पोराच्या बोटाचं माप आहे, तंतोतंत असंच पाहिजे.

मंजुश्रीचा बाप बालाजी आईच्या घासाघिशीला इतका भ्यायचा की त्यानं पैसे हातात दिले आणि शेतात निघून गेला. म्हणून सराफाकडे आजी आणि नात अशा दोघीच गेल्या.

दुकान प्रभुलिंगचं. त्याचा बाप मडिवाळप्पा फुंकणी फुंकत बसायचा तेव्हापासून शकुबाईचं येणंजाणं. आता काचेचं दार, गार हवा, गुबगुबीत खुर्च्या.

"बरी अक्का, कूडरी," प्रभुलिंग दोन्ही हात जोडून म्हणाला. कानडीत या, बसा म्हणाला खरा, पण चेहरा सुई टोचून घ्यायला आल्यासारखा.

"बसते. तुझा बाप सतरंजीवर बसवायचा तवा सोनं सवस्त होतं. ह्या खुर्च्यांचे पैसे बी आमच्याच बोकांडी."

"भाव तर बोर्डावर लिवलाय अक्का. त्यात माझं काय बी चालत न्हाई."

"मग तू कामून बसलास हितं? बोर्डालाच बसीव की गल्ल्यावर."

मंजुश्रीनं ओढणी तोंडावर धरली. प्रभुलिंगनं अंगठ्यांचा मखमली ट्रे पुढं सरकवला. शकुबाईनं एक उचलली, उजेडाकडे धरली.

"ही नक्षी हाय का उंदरानं कुरतडलंय?"

"मशीनवरची हाय अक्का. लोक मागून घेतेत."

"लोक काय, लोक तुझ्याकडंच येतेत, त्यावरून लोकांची अक्कल कळती. मजुरी किती लावायलास?"

"बारा टक्के."

"टक्के शाळेत मार्काला असतेत. मला बारा सांगू नको, सरळ बोल. मशीननं केली म्हनतूस, मग मजुरी कुनाची? मशीनला लेकरंबाळं हायत का?"

प्रभुलिंगनं कपाळाचा घाम पुसला, गार हवेत. पण या खेपेला तोही हटून बसला. मजुरी कमी करणार नाही म्हणाला. इकडून ही ओढतेय, तिकडून तो, चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली. शेवटी तो म्हणाला, "आधी माप तरी द्या. सोनं किती लागतंय बघू, मग भांडू."

मंजुश्रीनं पर्समधून तो लाल दोरा काढून दिला. प्रभुलिंगनं तो मापाच्या निमुळत्या दांडीवर चढवला. दोरा घसरत घसरत पार जाड टोकापर्यंत गेला आणि तिथं बसला.

"नवरदेव पैलवान हाय वाटतं!" प्रभुलिंग म्हणाला. "ह्या मापाला सोनं लई लागंल."

मंजुश्रीचं हसू थांबलं. शकुबाईनं दांडी हातात घेतली, दोऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यासमोर चहाचा कप आला. कपाच्या कानात न जाणारं ते रताळं.

"मंजे, फोन लाव जावयाला. आवाज मोठा ठेव."

शिवराजनं लगेच उचलला. मंजुश्रीनं विचारलं, "तुमच्या बोटाचं माप कवा घेतलं हो?"

"माझं? माझं कुनीच घेतलं न्हाई. बाबा म्हनले, मी दिलोय पाठवून."

शकुबाईनं दांडी ठक्कन काचेवर ठेवली. मग पलीकडून बारीक आवाज आला, "आज्जी हायत का तितं?"

"हायत."

"ऐकू जायलंय का त्यांना?"

"जायलंय."

फोनमधून नुसती लॅबच्या मशीनची घरघर येत राहिली. बिचाऱ्याला न सांगता सगळं कळलं होतं.

मग शकुबाईचं तोंड सुटलं. "मागायचं तर तोंडानं माग की रे भिकाऱ्या! म्हनावं, मला बी एक अंगठी घाला, म्हातारपनी हौस आलीय. पोराच्या नावानं सवताचं बोट पाठविलं! उंद्या अंगठी पोराला सैल व्हनार, आन हे गडी म्हननार, असू द्या, मी घालतो सांभाळून. चोरी करायची तर चोरासारखी तरी कर! चोराला रात्रीचं जागावं लागतंय, ह्यानं बसल्या जागी दोरा गुंडाळला. असल्या घरात माझी नात? चल ग, उठ. जनवाड्याची गाडी हाय आत्ता. तोंडावर फेकून येते हा दोरा."

ती उठली, पदर झटकला, काचेचं दार ढकललं आणि मागं न बघता चालू लागली.

मंजुश्री जागची हलली नाही. फोन छातीशी धरून बसली.

"अगं, आज्जी चालल्या की!" प्रभुलिंग घाबरला. मोडलेल्या सोयरिकीत सराफाचंही नुकसान असतं.

"बगायले मी."

"हाक मार की मग!"

"न्हाई. हाक मारली की मी हरले, अण्णा. तिनंच शिकविलंय."

शकुबाई रसाच्या गाड्यापर्यंत गेली. तिथं चाल जरा मंदावली. हाक येईना. चपलेत खडा नव्हता, तरी तिनं चप्पल काढून झटकली. हाक येईना. रसाचा भाव विचारला, गटारीचं पाणी यापेक्षा गोड असतं असं रसवाल्याला सांगितलं, आणि कान मात्र मागं. बस स्टँडवर जनवाड्याची गाडी भरत होती. कंडक्टर ओरडत होता, पण ती हाक काही हिला नव्हती.

उभ्या उभ्या तिची जीभ तोंडातल्या त्या रिकाम्या खळगीत गेली. दोन वर्षं ठणकलेली दाढ. कान तुटलेला कप आणि कुणाशी न बोलता ज्वारी निवडत बसलेली ती पुतणीही आठवली असेल. तिनं हे कुणाला सांगितलं नाही, पण रसवाल्यानं तोंड कडू झाल्यासारखी म्हातारी पाहिली. मग शकुबाई वळली. हाक न येता वळली! हुलसूरच्या बाजारानं हे पहिल्यांदाच बघितलं.

दार ढकलून ती आत आली, खुर्चीत बसली.

"कामून हाक मारली न्हाईस ग?"

"तू आली असतीस का?"

"आले असते आन तुझं बखोट धरून नेलं असतं."

"म्हनूनच." मंजुश्री ठामपणे बोलली. "मी पिराजी मामांच्या बोटासंगं नांदायला चालले न्हाई, आज्जी. ज्याच्यासंगं चालले त्यानं आत्ता सवताचं माप पाठविलंय. बघ."

फोनवर फोटो होता. पट्टीला लावलेला दोरा, शेजारी शिवराजचं गवारीच्या शेंगेसारखं बोट. खाली लिहिलेलं, 'आज्जींना सांगा, लई लाज वाटायली.'

शकुबाईनं फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला. मग प्रभुलिंगकडे वळली. "ह्या मापाची कर. मजुरी तू म्हनलास तेवढी घे."

प्रभुलिंगच्या हातातला कॅल्क्युलेटर खाली आला. "अक्का, तब्येत बरी हाय न्हवं? पानी मागवू?"

"पानी नगं. वर एक वस्तू दे."

"काय?"

"तांब्याचं वेढं. ह्या लाल दोऱ्याच्या मापाचं. तंतोतंत. आन असं घासून दे की लांबून सोनं वाटलं पायजे."

प्रभुलिंगनं दोऱ्याकडे पाहिलं, शकुबाईकडे पाहिलं आणि बाप मडिवाळप्पा हसायचा तसा खदखदून हसला. त्या वेढ्याचा त्यानं पैसा घेतला नाही.

साखरपुडा शकुबाईच्या दारातच झाला. पिराजी नवं धोतर नेसून पाटाशेजारी सरकून बसला होता, अंगठी सैल झाली की पुढं करायला हात मोकळा ठेवून. मंजुश्रीनं शिवराजच्या बोटात अंगठी घातली. ती अशी बसली जशी तिथंच उगवली होती.

"हां... पर माप तर..." पिराजी चाचरला.

"तुमचं माप वाया जाऊ दिलं का मी, इवाई?" शकुबाई कुंकवाच्या ताटातून चमचमतं वेढं घेऊन पुढं झाली. "द्या हात. एवढ्या मायेनं दोरा पाठविलात. तांबं हाय, वातावर गुनाचं असतंय. ह्या वयात मानसाला कसला कसला वात होतो."

मांडवातल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. शिवराजनं मान खाली घातली, खांदे मात्र हलत होते. एवढ्या लोकांत हात मागं घेता येईना. पिराजीनं रताळं पुढं केलं. वेढं तंतोतंत बसलं. माप पाठवताना गड्यानं हयगय केली नव्हती.

उन्हाळ्यात बोटं फुगली आणि ते निघेना. तेल झालं, साबण झाला. शेवटी पिराजी गुपचूप हुलसूरला प्रभुलिंगकडे कापून घ्यायला आला. प्रभुलिंगनं कापायचे शंभर सांगितले. पिराजी म्हणाला, पन्नास. प्रभुलिंग म्हणाला, बरं.

ही बातमी शकुबाईला संध्याकाळीच लागली. तिनं तोंडातलं पान थुंकलं. "पैल्याच बोलीला बरं म्हनला? म्हंजे ईसात झालं असतं. एवढी हाव, आन भाव करायची बी अक्कल न्हाई मेल्याला."